खादीचं लाल फूल

नोव्हेंबर उजाडला की लंडनमध्ये ट्यूबमध्ये, ऑफिसात, टीव्हीवर, जिकडे बघाल तिकडे कोटावर लाल पॉपी दिसते. ११ नोव्हेंबर १९१८ ला पहिलं महायुद्ध थांबलं. तेव्हाच्या आणि त्यानंतरच्या युद्धांत कामी आलेल्या सैनिकांची ही आठवण. नोकरीसाठी इथे आलेल्या आपल्यासारख्यांची मात्र जाम पंचाईत! ज्या साम्राज्याने आपल्यावर राज्य केलं, त्याचं फूल छातीवर का मिरवायचं? युद्ध संपून जेमतेम पाच महिने झाले आणि जालियनवाला बाग घडली, हे कसं विसरायचं?

पण त्याच युद्धात तेरा लाखांवर भारतीय होते. सुमारे ७४ हजार परतले नाहीत. इराकमधल्या कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी अर्धपोटी झुंजल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये कैदेत गेल्या. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या एकट्या गावाने ४६ जवान गमावले. ही पोरं राजासाठी लढली, पगारासाठी की पलटणीच्या इज्जतीसाठी? त्यांना कोण विचारणार होतं!

२०१८ मध्ये रॉयल ब्रिटिश लीजनने भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ खादीची पॉपी काढली. मी तीच लावते. गंमत बघा, साहेबाचं फूल आणि गांधीजींचं कापड! कुणी विचारलंच, ‘ही वेगळी का?’ तर मी कुत सांगते, अपशिंगे सांगते. कॉफी थंड होईपर्यंत सांगते.

तुम्हाला नसेल लावायची तर खुशाल लावू नका. लावणारा साहेबाचा चमचा नसतो, न लावणारा कृतघ्न नसतो. लावलीच, तर कुणासाठी ते मात्र ठाऊक हवं.