दातांचा केसपेपर वेगळा का?

नाशिकला दिंडोरी रस्त्यावर, म्हसरूळला, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. स्थापना 1998ची. राज्यातल्या बहुतेक डॉक्टरांना एमबीबीएसची पदवी इथूनच मिळते आणि दंतवैद्यांना बीडीएसचीही. विद्यापीठ एकच, पण पुढे दवाखान्यात वाटा फुटतात. शुगरचा रुग्ण वर्षानुवर्षं फिजिशियनकडे जातो, रिपोर्ट दाखवतो, गोळी वाढवून घेतो. 'आ करा' असं तिथे त्याला क्वचितच कोणी म्हणतं. दात हलायला लागले की तो दुसरं दार गाठतो आणि तिथे शुगरची फाइल नेत नाही. या दोन केसपेपरांची गाठ पडलीच पाहिजे.

दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे जंतूंचा चिकट थर साचतो. तो वेळीच निघाला नाही तर त्याचं किटण होतं, हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि मध्ये पोकळी तयार होते. आजार बळावलेल्या तोंडातल्या अशा सगळ्या पोकळ्यांचं सुजलेलं अस्तर एकत्र मोजलं तर ते साधारण 8 ते 20 चौरस सेंटिमीटर भरतं. एवढी जखम पायावर असती तर मधुमेही माणसाने त्याच दिवशी डॉक्टर गाठला असता. हिरडी सहसा दुखत नाही, म्हणून दुखणं अंगावर काढलं जातं. त्या सुजेतली द्रव्यं रक्तात मिसळतात, इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, साखर वाढते. वाढलेली साखर पुन्हा हिरडीच्या मुळावर उठते.

हे चक्र तोडता येतं. 2022मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने 35 अभ्यास एकत्र तपासले. हिरड्यांखालची सफाई केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या काही महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारं मोजमाप, सरासरी 0.43 अंकांनी उतरलं होतं. आपल्याकडे मात्र 'सफाई केली की दात हलतात' हा समज घट्ट आहे. खरं तर दाताचा आधार आधीच गेलेला असतो. किटणाने दात धरून ठेवलेला असतो, इतकंच.

तोंड किती आधी सांगून जातं, हे 2021मध्ये म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराने दाखवलं. कोविडमधून उठलेल्या, साखर हाताबाहेर गेलेल्या अनेकांचे वरचे दात अचानक हलू लागले होते.

हृदयाचं काय? कृत्रिम झडप बसवलेल्यांनी दात काढण्याआधी ते डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण तोंडातले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसू शकतात. हिरड्यांचा आजार असलेल्यांत हृदयविकार जास्त दिसतो हेही खरं. पण हिरड्या बऱ्या केल्याने झटका टळतो, असं सिद्ध झालेलं नाही. जाहिराती काहीही म्हणोत.

आपल्याकडे याहून जवळचा प्रश्न मशेरीचा आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची. सकाळी उठल्याबरोबर बाई ती बोटावर घेते, दात-हिरड्यांना चोळते, ओठाआड तशीच ठेवून झाडलोट उरकते. दाढ ठणकली की दुपारी पुन्हा एकदा. दात घासल्याचं समाधान मिळतं, दुखणंही दबल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात हिरडी सरकते, मुळं उघडी पडतात आणि निकोटिन थेट रक्तात उतरतं. गरोदर बाई मशेरी लावत असेल तर बाळ कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो. 2016-17च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या 17 टक्के बायका कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होत्या. 'व्यसन सोडा' म्हणून त्यांच्यापर्यंत पोचता येत नाही, कारण त्यांच्या लेखी ते व्यसन नसतंच, ते दात घासणं असतं. त्यांच्याशी बोलणं दातांपासूनच सुरू करायला हवं.

गावातल्या आरोग्यसेविका आशाताई तिशीपुढच्या माणसांचा आरोग्य तपासणीचा फॉर्म भरताना तोंडातल्या न भरणाऱ्या जखमेबद्दल विचारतात. त्याच बैठकीत 'दात घासताना रक्त येतं का?' आणि 'मशेरी लावता का?' हेही विचारावं. रक्त येत असेल तर शुगर तपासायची चिठ्ठी आणि दंतवैद्याची चिठ्ठी एकदमच द्यावी.