उभ्या वाघिणीचा हिशेब

मालगाडीच्या वाघिणीचे बहुतेक आयुष्य उभे राहण्यात जाते. ती मालधक्क्यावर भरणीसाठी उभी असते, भरल्यावर इंजिनाची वाट पाहत उभी असते, वाटेत लूप लाईनवर मेल-एक्स्प्रेसना पुढे जाऊ देत उभी असते. मुक्कामी पोहोचली तरी हमालांची टोळी येईपर्यंत हलत नाही, आणि रिकामी झाली की पुढची मागणी कोणत्या स्टेशनावरून येते यासाठी पुन्हा खोळंबते. हा खोळंबा मोजायचा कसा आणि कमी करायचा कसा, हे आपल्या देशात बडोद्याच्या लालबागेतल्या एका राजवाड्यात शिकवले जाते. गेली सत्तर वर्षे तिथे रेल्वेचे अधिकारी शिकत आले. आता नुकतीच बारावी झालेली मुलेही शिकतात.

हा राजवाडा म्हणजे प्रताप विलास. १९१४ च्या सुमारास गायकवाड घराण्यासाठी तो बांधला गेला. आराखडा चार्ल्स स्टीव्हन्स यांचा. मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस उभारणाऱ्या फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचे हे चिरंजीव. पण अधिकाऱ्यांना शिकवणाऱ्या या रेल्वे स्टाफ कॉलेजचा जन्म इथला नाही. ते १९३० मध्ये देहरादूनला सुरू झाले आणि जागतिक मंदीच्या तडाख्यात दोनच वर्षांत बंद पडले. त्याच इमारतीत १९३२ मध्ये इंडियन मिलिटरी अकॅडमी आली आणि लष्करी अधिकारी घडवणारी संस्था म्हणून ती जगाला माहीत झाली. रेल्वेला मात्र आपले कॉलेज परत मिळायला वीस वर्षे लागली. मधल्या काळात महायुद्ध झाले, फाळणी झाली, रेल्वेचे जाळे दोन देशांत वाटले गेले. पैशाची ओढ लागली की शिक्षणाचा खर्च सर्वांत आधी कापला जातो आणि त्याची किंमत कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही. १९५२ मध्ये कॉलेज बडोद्यात पुन्हा उभे राहिले.

गाव मात्र फार चांगले मिळाले. बडोदे संस्थानाने रेल्वेचा धडा स्वतःच्या खर्चाने गिरवला होता. खंडेराव महाराजांच्या काळात, १८६२ मध्ये, डभोई ते मियागाम हा सुमारे ३२ किलोमीटरचा अडीच फुटी मार्ग तयार झाला. भारतातला हा पहिला नॅरोगेज मार्ग. रूळ इतके हलके होते की त्यांवरून डबे बैल ओढत. पुढे १८७३ मध्ये जड रूळ घातल्यावर इंजिने नेमाने धावू लागली. मार्ग झाला तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते आणि हिंदुस्थानातल्या कापसाला विलायतेत सोन्याचा भाव आला होता. डभोईच्या टापूतला कापूस मियागामला मुंबईकडच्या मोठ्या लाईनपर्यंत पोहोचवायचा, एवढे काम. पण मियागामला गेज बदलत होते, म्हणजे प्रत्येक गाठोडे एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवणे आले. शेतापासून मुख्य लाईनपर्यंतचा छोटा टप्पा आणि मधली हाताळणी यांचा खर्च लांबच्या प्रवासाला भारी पडतो. आज लॉजिस्टिक्सच्या वर्गात पहिल्या आठवड्यात येणारा हा विषय बडोद्याच्या परिसरात दीडशे वर्षांपूर्वी बैलांच्या जोरावर चालू होता.

लालबागेतल्या शिक्षणाचा गाभा म्हणजे एक कागद. आडव्या रेघेवर चोवीस तास, उभ्या रेघेवर स्टेशने. प्रत्येक गाडी म्हणजे या कागदावरची एक तिरकी रेघ. गाडी वेगाची असेल तर रेघ जास्त उभी, संथ असेल तर जास्त आडवी, आणि स्टेशनात थांबली की अगदी सपाट. सेक्शन कंट्रोलर पाळीभर याच तक्त्यावर गाड्या हाकतो. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या दोन रेघा एकमेकींना फक्त स्टेशनाच्याच ठिकाणी छेदू शकतात, कारण क्रॉसिंग तिथेच शक्य असते. हा तक्ता वाचता आला की मालगाड्यांचा सरासरी वेग दशकानुदशके ताशी २५ किलोमीटरच्या आसपास का रेंगाळला तेही दिसते. इंजिनात ताकद कमी होती असे नाही. सगळ्या गाड्या एकाच वेगाच्या असत्या तर रेघा समांतर बसल्या असत्या आणि कागदावर दाटीवाटीने मावल्या असत्या. त्यांत एक राजधानी एक्स्प्रेस घातली की तिची उभी रेघ संथ गाड्यांच्या रेघांना कापत जाते, आणि प्रत्येक कापाच्या जागी एखादी मालगाडी लूपमध्ये जाऊन बसते.

मार्गावर गाड्या किती मावतील, यासाठी स्कॉट यांचे सूत्र शिकवतात. दिवसाची १४४० मिनिटे घ्या. सर्वांत लांब ब्लॉक सेक्शन, म्हणजे एका वेळी एकच गाडी सोडता येणारा टप्पा, पार करायला सर्वांत संथ गाडीला लागणारा वेळ आणि ब्लॉक-सिग्नलच्या कामाचा वेळ यांच्या बेरजेने त्यांना भागा. समजा पंधरा मिनिटे आणि पाच मिनिटे. तर भागाकार ७२. मग त्याला ०.७ ने गुणा, उरतात ५०. हा तीस टक्क्यांचा कट विद्यार्थ्याला सुरुवातीला उधळपट्टी वाटतो. पण ट्रॅकमनना रूळ बदलायला मोकळा वेळ हवा, सिग्नल कधी तरी बिघडणार, एखादी गाडी उशिरा येणार. देशातल्या कित्येक मुख्य मार्गांवर या हिशेबापेक्षा जास्त गाड्या धावतात. मग वेळापत्रक कोसळते आणि त्याआधी देखभालीचा ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून रुळांना दिलेला वेळ, हातचा जातो. ही गोष्ट व्यवस्थापनाच्या पुस्तकात शेवटच्या प्रकरणात नव्हे, पहिल्याच प्रकरणात असायला हवी असे मला मनापासून वाटते. रुळावर काम करणाऱ्या माणसाचा जीव या ०.७ मध्ये असतो.

दुसरे सूत्र वाघिणीचे. विभागाकडे कामाच्या वाघिणी किती आहेत त्या आकड्याला, रोज तिथे भरलेल्या आणि बाहेरून भरून आलेल्या वाघिणींच्या बेरजेने भागायचे. येणारे उत्तर म्हणजे वाघिणीचा फेरा: एका भरणीपासून पुढच्या भरणीपर्यंतचे दिवस. हजार वाघिणी आणि रोजच्या दोनशे, तर फेरा पाच दिवसांचा. तो चारावर आणला की त्याच हजार वाघिणी रोज अडीचशेंचे काम देतात. कारखान्यातून एकही नवी घ्यावी लागत नाही.

१९८०-८१ मध्ये ब्रॉडगेजवर हा फेरा सुमारे १५ दिवसांचा होता. २०१०-११ पर्यंत तो जवळपास ५ वर आला. एवढा बदल घडला तो मुख्यतः काम करण्याची रीत बदलल्याने. पूर्वी एक-एक, दोन-दोन वाघिणींचा माल घेतला जाई. त्या यार्डात जमवायच्या, शंटिंग करून गाडी बांधायची, पुढच्या यार्डात ती फोडायची, पुन्हा बांधायची. दिवस जात ते यार्डात. ऐंशीच्या दशकापासून रेल्वेने एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणारा अख्खा रेक, म्हणजे वाघिणींची पूर्ण माळ, भरण्यावर भर दिला. कोळशाचा बॉक्सएन रेक म्हणजे ५८ वाघिणी, साडेतीन हजार टनांहून अधिक माल. खाणीतून निघाला की थेट वीज केंद्रात. यार्डे ओस पडली आणि फेरा झपाट्याने घटला.

किंमत मोजली ती छोट्या व्यापाऱ्याने. ज्याच्याकडे रेकभर माल नाही, त्याच्यासाठी मालधक्का जवळजवळ बंद झाला आणि तो ट्रककडे वळला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशाच्या मालवाहतुकीतला ऐंशी टक्क्यांहून जास्त वाटा रेल्वेकडे होता. आता तो तिसाच्या आत आहे. याला रस्ते सुधारले हे कारण आहेच, पण रेल्वेने स्वतःच्या सोयीचा माल निवडला हेही कारण आहे. वाघिणीचा फेरा सुधारला आणि गिऱ्हाईक गेले, या दोन्ही गोष्टी एकाच निर्णयातून आल्या. असा प्रश्न एका खात्याच्या चौकटीत बसत नाही.

आणि रेल्वेचे शिक्षण तर खात्याखात्यांतच वाटलेले होते. बिहारमधल्या जमालपूरला १९२७ पासून यांत्रिकी अभियंते घडले, सिकंदराबादला सिग्नलचे, पुण्याच्या इरिसेनमध्ये रूळ-पुलांचे, नाशिकरोडला विजेचे. भुसावळच्या झोनल ट्रेनिंगमधून मराठी मुलुखातली कितीतरी मुले स्टेशनमास्तर नि गार्ड होऊन बाहेर पडली. या संस्थांनी मोठे काम केले आहे. पण रूळवाल्याला ब्लॉक हवा असतो, वाहतूकवाल्याला गाडी काढायची असते, आणि दोघेही वेगवेगळ्या शाळांत शिकलेले असतात. डिसेंबर २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वेच्या आठ सेवा एकत्र करण्याचा निर्णय घेतला, त्यामागे हेच जुने दुखणे होते.

लालबागेत त्याच्या आधीच एक वेगळी सुरुवात झाली होती. २०१८ मध्ये तिथे राष्ट्रीय रेल्वे व परिवहन संस्थेची पहिली तुकडी बसली; परिवहन तंत्रज्ञानाची बी.एस्सी. आणि परिवहन व्यवस्थापनाची बी.बी.ए. रेल्वेत नोकरी नसलेल्या मुलाला रेल्वे हा विषय पदवीसाठी घेता येऊ लागला, याच्या महत्त्वाविषयी अजून पुरेसे कोणी बोललेले नाही. नोकरीतला माणूस शिकतो ते साहेबाने सांगितलेले काम नीट करण्यासाठी. अठरा वर्षांची मुलगी तक्त्याकडे बघून विचारू शकते की ही गाडी मुळात या वेळी का धावते. पुढे ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठाबरोबर रेल्वे प्रणालींचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही आला. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेच्या कायद्याने संस्थेचे गतिशक्ती विश्वविद्यालय हे केंद्रीय विद्यापीठ झाले. बंदरे, महामार्ग, विमानवाहतूक हे सारे आता त्याच्या कक्षेत आहे.

संशोधनाला विषयांची वाण नाही. दादरी ते न्हावाशेवा हा १५०६ किलोमीटरचा पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग म्हणजे त्याच तक्त्यावरचे उत्तर आहे: संथ रेघांना स्वतंत्र कागद द्यायचा. कोकण रेल्वेने १९९९ मध्ये कोलाड ते वेर्णा भरलेले ट्रकच सपाट वाघिणींवर चढवून नेले आणि मधली हाताळणीच काढून टाकली. मियागामचा प्रश्न रत्नागिरीच्या डोंगरांत असा सुटला.

मला सर्वांत जास्त ओढ आहे ती शेतमाल नेणाऱ्या किसान रेलच्या अभ्यासाची. ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून दानापूरला पहिली गाडी सुटली, आणि त्याच डिसेंबरात शंभरावी सांगोल्याहून शालिमारला गेली. वाटेतल्या स्टेशनांवर थांबत, थोडा का होईना पण माल घेत. सांगोल्याचा डाळिंबवाला दहा पेट्या घेऊन आला तरी त्याला जागा होती. भाजी-फळांना भाड्यात निम्मी सवलत होती, म्हणून ती चालली असे म्हणून विषय संपवता येईल. पण सवलतीशिवाय अशी गाडी किती ठिकाणी थांबू शकते, प्रत्येक थांब्याला किती मिनिटे परवडतात, दहा पेट्यांचे शंभर शेतकरी एका फलाटावर एकाच वेळी कसे आणायचे, परतीच्या रिकाम्या डब्यांत पूर्वेकडून काय भरायचे, याचे गणित मांडता येण्याजोगे आहे. त्यासाठी लागणारी दोन्ही सूत्रे लालबागेत रोज फळ्यावर लिहिली जातात. ती घेऊन विद्यार्थ्यांनी सांगोल्याच्या मालधक्क्यावर डाळिंबाचा एक हंगाम काढायला हवा.