बिनतारी चार्जिंग : सोयीचा जमाखर्च

एकेकाळी बँकेच्या ग्राहकाच्या हाती पासबुक आणि धनादेशपुस्तिका असली, की त्याला आपल्या खात्याची किल्ली आपल्यापाशीच असल्याचा विश्वास वाटे. आज ती किल्ली स्मार्टफोनमध्ये आहे. खात्यातील शिल्लक पाहणे, यूपीआयने भाजीवाल्याचे पैसे चुकते करणे, ओटीपी मिळवणे, रेल्वेचे तिकीट दाखवणे ही सारी कामे त्या एका उपकरणावर अवलंबून आहेत. बॅटरी संपली, की खात्यात पुरेशी रक्कम असूनही खिसा रिकामा! म्हणूनच फोन कसा चार्ज करावा हा प्रश्न आता केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही.

गेल्या काही वर्षांत या प्रश्नाला एक आकर्षक उत्तर बाजारात आले आहे. टेबलावर ठेवलेल्या छोट्याशा चकतीवर फोन अलगद ठेवायचा, की तार न जोडताच तो चार्ज होऊ लागतो. दुकानातील विक्रेता हे प्रात्यक्षिक मोठ्या कौतुकाने दाखवतो आणि पाहणाराही भारावून जातो. परंतु कोणत्याही सोयीची किंमत केवळ तिच्या वेष्टनावर छापलेली नसते. बिनतारी चार्जिंगच्या बाबतीत हे विशेषत्वाने खरे आहे. त्यामुळे त्याचा जमाखर्च एकदा शांतपणे मांडून पाहणे उपयुक्त ठरेल.

तत्त्व जुने, उपयोग नवा

या तंत्राचे मूळ १८३१ सालापर्यंत मागे जाते. त्या वर्षी मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. तारेच्या एका वेटोळ्यातून बदलती विद्युतधारा वाहू लागली, की तिच्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि जवळच ठेवलेल्या दुसऱ्या वेटोळ्यात, दोहोंचा स्पर्श नसतानाही, विद्युतधारा उत्पन्न होते. चार्जरच्या चकतीत पहिले वेटोळे असते, तर फोनच्या पाठीमागील आवरणाखाली दुसरे. चकतीतील धारेची दिशा दर सेकंदाला एक लाखाहून अधिक वेळा बदलते. फोनमधील वेटोळ्यात उत्पन्न झालेल्या या प्रत्यावर्ती धारेचे दिष्ट धारेत रूपांतर होते आणि मग ती बॅटरीकडे जाते.

अनेक घरांत स्थिरावलेली इंडक्शन शेगडी हे याच तत्त्वाचे परिचित उदाहरण होय. शेगडीची काच स्वतः तापत नाही. चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याच्या बुडात विद्युतधारा निर्माण होते आणि भांडे तापते. शेगडीला उष्णता हवी असते, म्हणून तेथे हा गुण ठरतो. फोनला मात्र वीज हवी असते, उष्णता नको असते. बिनतारी चार्जिंगचे बहुतेक गुणदोष या एका फरकातून उलगडतात.

फोनसाठी या तत्त्वाचा वापर करताना सर्वांत मोठी अडचण होती ती समान मानकाची. प्रत्येक कंपनीने आपापली पद्धत आणली असती, तर ग्राहकाला प्रत्येक फोनसाठी वेगळी चकती घ्यावी लागली असती. ही अडचण दूर करण्यासाठी २००८ साली ‘वायरलेस पॉवर कन्सॉर्शियम’ ही संस्था स्थापन झाली आणि २०१० साली तिने आपले पहिले मानक प्रसिद्ध केले. इंग्रजीत ‘क्यूआय’ अशी दोन अक्षरे लिहून ज्याचा उच्चार ‘ची’ असा करतात, तेच हे मानक. प्राणशक्ती या अर्थाच्या चिनी शब्दावरून हे नाव घेतलेले आहे. २००९ साली पाम कंपनीच्या ‘प्री’ या फोनसाठी बिनतारी चार्जर उपलब्ध झाला होता. २०१२ साली नोकियाच्या ‘लुमिया ९२०’ने ‘ची’ मानक स्वीकारले आणि २०१७ साली ॲपलने ‘आयफोन ८’ व ‘आयफोन टेन’मध्ये त्याचा अंतर्भाव केल्यानंतर ही पद्धत सर्वतोमुखी झाली.

जमेची बाजू

बिनतारी चार्जिंगचा पहिला लाभ म्हणजे सुलभता. रात्रीच्या अंधारात तारेचे टोक आणि फोनचे छिद्र यांची गाठ घालण्याची खटपट उरत नाही. दृष्टी मंदावलेल्या किंवा बोटे थरथरणाऱ्या वृद्धांसाठी ही सोय चैन नसून खरीखुरी मदत आहे. दिवसातून दहा वेळा फोन उचलून पुन्हा ठेवावा लागणाऱ्या कार्यालयीन कर्मचाऱ्यालाही तिचे मोल जाणवते.

दुसरा लाभ फोनच्या चार्जिंग पोर्टचा. रोज तार घालून-काढून हे छिद्र सैल होते. त्यात धूळ आणि खिशातील कापसाचे तंतू साचतात. फोनच्या ज्या भागांना यांत्रिक झीज सोसावी लागते, त्यांपैकी हा एक. चकतीवर फोन ठेवल्याने ही झीज वाचते. पावसाळ्यात भिजलेल्या फोनच्या पोर्टमध्ये ओलावा आढळला, तर अनेक फोन तारेने चार्ज होण्यास नकार देतात आणि ते योग्यच असते. अशा वेळी फोनची पाठ कोरडी पुसून तो बिनतारी पद्धतीने चार्ज करता येतो.

तिसरा लाभ बँक ग्राहकाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. यूएसबी तारेतून विजेबरोबर माहितीचीही देवाणघेवाण होऊ शकते. सार्वजनिक ठिकाणच्या चार्जिंग पोर्टमध्ये फेरफार करून फोनमधील माहिती चोरण्याच्या किंवा त्यात घातक सॉफ्टवेअर शिरवण्याच्या प्रकाराला ‘ज्यूस जॅकिंग’ म्हणतात. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या जनजागृतीपर पुस्तिकेत या प्रकाराबाबत ग्राहकांना सावध केले आहे. बिनतारी चार्जिंगमध्ये चकती आणि फोन यांच्यात किती वीज हवी, केव्हा थांबायचे एवढाच संवाद होतो. छायाचित्रे, संदेश किंवा पासवर्ड यांना त्यातून वाट नसते. अर्थात, स्वतःचा ॲडॉप्टर आणि स्वतःची तार वापरूनही हीच सुरक्षितता मिळते, हे विसरता कामा नये.

खर्चाची बाजू

आता वहीचे दुसरे पान. तारेतून वीज थेट पोहोचते. बिनतारी पद्धतीत ती हवेतील फटीतून, काचेतून आणि कव्हरमधून चुंबकीय क्षेत्राच्या रूपाने जाते. या प्रवासात तिचा काही अंश वाया जातो. दोन्ही वेटोळी एकमेकांवर नेमकी बसली, तरी चकतीकडून फोनकडे साधारणतः ७० ते ८० टक्के ऊर्जा पोहोचते. फोन थोडा सरकून बसला, तर हे प्रमाण आणखी घटते. वाया गेलेली ऊर्जा नाहीशी होत नाही. ती उष्णता होते आणि त्यातील बरीचशी फोनच्या पाठीशी, म्हणजे बॅटरीच्या अगदी निकट, साठते.

वेगाचा मुद्दाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. भारतात मध्यम किमतीच्या अनेक फोनसोबत आज ६० वॉटहून अधिक क्षमतेचे तारेचे चार्जिंग मिळते. याउलट, जुन्या ‘ची’ चकत्या ५ वॉटच्या असून मोठी बॅटरी भरण्यास त्यांना चार तासांहून अधिक वेळ लागतो. २०२३ साली आलेल्या ‘ची-२’ मानकाची मर्यादा १५ वॉट होती आणि २०२५ सालच्या सुधारित आवृत्तीने ती २५ वॉटपर्यंत नेली आहे. काही कंपन्यांच्या स्वतःच्या चकत्या याहून वेगवान आहेत. मात्र तो वेग त्याच कंपनीच्या फोनपुरता मर्यादित असतो.

याखेरीज काही व्यावहारिक गैरसोयी आहेत. तार जोडलेला फोन हातात घेऊन बोलता येते. साध्या चकतीवरून फोन उचलला, की चार्जिंग थांबते. रात्री आलेल्या संदेशांच्या कंपनाने फोन जागचा सरकला, तर सकाळी बॅटरी अर्धवट भरलेली आढळते. ‘ची-२’मध्ये चुंबकांच्या साहाय्याने फोन जागेवर पकडून ठेवण्याची व्यवस्था असल्याने हा दोष बऱ्याच अंशी दूर झाला आहे. शिवाय, ‘बिनतारी’ म्हटले तरी चकतीला स्वतःची तार आणि ॲडॉप्टर लागतोच. तार नाहीशी होत नाही, केवळ फोनपासून चकतीपर्यंत मागे सरकते.

विजेचे बिल आणि बॅटरीचा घसारा

या अपव्ययाने विजेचे बिल वाढेल का, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्याचा ढोबळ हिशेब मांडता येईल. ५,००० एमएएच क्षमतेच्या बॅटरीत सुमारे १९ वॉट-तास ऊर्जा मावते. भिंतीवरील सॉकेटपासून बॅटरीपर्यंत तारेने ८५ टक्के आणि बिनतारी पद्धतीने ६५ टक्के ऊर्जा पोहोचते असे मानले, तर एक पूर्ण चार्ज होण्यास अनुक्रमे २२ आणि २९ वॉट-तास वीज लागेल. म्हणजे रोजचा फरक सुमारे ७ वॉट-तासांचा आणि वर्षाचा सुमारे अडीच युनिटांचा. प्रतियुनिट ८ रुपये दराने ही रक्कम वर्षाकाठी अवघी २० रुपये होते. एका कुटुंबाला ती जाणवणारही नाही. मात्र एक कोटी फोन रोज याच रीतीने चार्ज होऊ लागले, तर वर्षाला अडीच कोटी युनिट वीज केवळ उष्णतेच्या रूपाने वाया जाईल. थेंबे थेंबे तळे साचते, तसेच ते थेंबे थेंबे आटतेही.

ग्राहकाच्या खिशाला खरा चटका बसतो तो बिलातून नव्हे, तर घसाऱ्यातून. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी जाणतो, की यंत्राची किंमत रोज थोडीथोडी घटत असते. ती रोजच्या रोखीच्या वहीत दिसत नाही, पण वर्षअखेर ताळेबंदात उमटते. लिथियम-आयन बॅटरीचेही असेच आहे. प्रत्येक चार्जबरोबर तिची क्षमता किंचित घटते. ‘आयफोन १४’पर्यंतच्या फोनच्या बॅटरीची मूळ क्षमता आदर्श परिस्थितीत ५०० पूर्ण चार्जनंतर ८० टक्के उरावी, अशी रचना असल्याचे ॲपल सांगते, ‘आयफोन १५’पासून हा आकडा १,००० चार्जपर्यंत वाढला आहे. यातील ‘आदर्श परिस्थिती’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. उष्णतेमुळे बॅटरीच्या आतील नको त्या रासायनिक क्रिया वेगाने होतात आणि हा घसारा वाढतो. त्यातही बॅटरी पूर्ण भरलेली आणि तापलेली असणे तिला सर्वाधिक अपायकारक.

ॲपलने आपल्या फोनच्या वापरासाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानाची मर्यादा सांगितली आहे. नागपूर, जैसलमेर किंवा दिल्लीच्या उन्हाळ्यात खोलीचेच तापमान ही मर्यादा ओलांडते. त्यात जाड कव्हर चढवलेला फोन रात्रभर चकतीवर पडून राहिला, तर बॅटरीला विश्रांती ती कुठली? नवी बॅटरी बसवण्याचा खर्च अनेक फोनच्या बाबतीत हजारांच्या घरात जातो. वीस रुपयांच्या बिलाची चिंता करणाऱ्याने या खर्चाकडे अधिक लक्ष देणे श्रेयस्कर.

तथापि, सारा दोष बिनतारी पद्धतीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. अतिवेगवान तारेच्या चार्जिंगमध्येही फोन तापतो. हवेशीर खोलीत, कमी वॉटच्या चकतीवर, नेमका ठेवलेला फोन सुरक्षितपणे चार्ज होतो. शत्रू तारेचा अभाव हा नसून उष्णता हा आहे.

कार्ड आणि पेसमेकरबाबत दक्षता

अनेक जण फोनच्या कव्हरमध्येच डेबिट कार्ड ठेवतात. बिनतारी चार्जिंग करताना ही सवय महागात पडू शकते. फोन आणि चकती यांच्यामध्ये आलेल्या कार्डाची चुंबकीय पट्टी अथवा स्पर्शविरहित व्यवहारासाठीची चिप बिघडण्याचा संभव असतो. फोन उत्पादकांनीही तशी सूचना दिलेली आहे. कार्ड, ओळखपत्र, पारपत्र आणि हॉटेलच्या खोलीचे किल्लीकार्ड चार्जिंगपूर्वी बाजूला काढावे. नाणे, किल्ली यांसारखी धातूची वस्तूही चकतीवर राहू देऊ नये. इंडक्शन शेगडीवरील भांड्याप्रमाणे ती तापू शकते. प्रमाणित चकत्यांमध्ये अशी वस्तू ओळखून चार्जिंग थांबवण्याची व्यवस्था असते. स्वस्त आणि अप्रमाणित चकतीबाबत तशी खात्री नसते.

हृदयात पेसमेकर वा तत्सम उपकरण बसवलेल्या व्यक्तींनी अधिक काळजी घ्यावी. चुंबकयुक्त आयफोन आणि त्याचा चार्जर अशा उपकरणापासून १५ सेंटिमीटरहून अधिक, तर बिनतारी चार्जिंग सुरू असताना ३० सेंटिमीटरहून अधिक दूर ठेवावा, असे ॲपलचे मार्गदर्शन आहे. सदऱ्याच्या वरच्या खिशात फोन ठेवणाऱ्या ज्येष्ठांनी या संदर्भात आपल्या डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

खरेदीपूर्वी आणि वापरताना

चकती विकत घेण्यापूर्वी आपल्या फोनमध्ये ही सुविधा आहे का, याची खातरजमा करावी. कमी किमतीच्या बहुसंख्य फोनमध्ये ती नसते. धातूची पाठ असलेल्या फोनमध्ये चुंबकीय क्षेत्र अडत असल्याने ही पद्धत सहसा चालत नाही. चकतीवर ‘ची’ किंवा ‘ची-२’चे प्रमाणचिन्ह पाहावे. ॲडॉप्टर सोबत मिळतो की वेगळा घ्यावा लागतो, हे विचारावे. वेगळा घेताना त्यावर भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक आहे का, हे तपासावे. काही फोन ‘ची-२’ मानकाशी जुळणारे असले, तरी त्यांत चुंबक नसतो. अशांसाठी चुंबकयुक्त कव्हर घ्यावे लागते. हा सारा खर्च मिळवूनच सोयीची किंमत ठरवावी.

वापरताना जाड किंवा धातूयुक्त कव्हर काढून ठेवावे. चकती उशीखाली, गादीवर अथवा उन्हात ठेवू नये. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय अनेक नव्या फोनमध्ये असते. ती सुरू ठेवावी. फोन हाताला चांगलाच गरम लागू लागला, तर त्याला चकतीवरून उचलून थंड होऊ द्यावे. घाईच्या वेळी तार आणि निवांत वेळी चकती, अशी विभागणी केल्यास दोहोंचा लाभ घेता येतो.

सारांश, बिनतारी चार्जिंग हा तारेला पर्याय नसून तिची जोड आहे. ज्यांना सुलभतेची खरोखरच गरज आहे, त्यांच्यासाठी ते निश्चितच जमेच्या बाजूचे ठरेल. केवळ नवलाईपोटी घेतलेली चकती मात्र फोनच्या बॅटरीतून आपले व्याज निमूटपणे वसूल करत राहते. कर्ज घेताना हप्त्याबरोबर व्याजदरही पाहावा, असे बँक आपल्या ग्राहकांना नेहमीच सांगत आली आहे. सोय विकत घेतानाही हाच नियम लागू पडतो.