घाम गाळा, पण घोळक्यानं!

आषाढी वारीत तुकोबांची पालखी यवतची पिठलं-भाकरी खाऊन वरवंड गाठते, मग पाटसवरून रोटी घाट चढते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. भरभर चालणंही त्यात धरतात. वारकरी हा हिशेब एका दिवसात चुकता करतात, वर टाळ-मृदंगाचा ठेका फुकट!

टाळाचा उल्लेख उगाच नाही, तो घोळक्यातच वाजतो. २०१८ साली सुमारे १२ लाख अमेरिकनांची पाहणी ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त छापून आली. व्यायाम करणाऱ्यांचे मन खट्टू असलेले दिवस महिन्याकाठी साधारण दीडने कमी. पहिला नंबर सांघिक खेळांचा. म्हणजे एकट्यानं ट्रेडमिल तुडवण्यापेक्षा कबड्डीचा संघ बरा, आणि माझ्या मते दिंडीही त्याच रांगेत बसते. पाहणीत दिंडी नव्हती, हा पाहणीचाच तोटा.

त्याच पाहणीत आणखी एक गंमत: रोज तीन तासांहून जास्त व्यायाम करणाऱ्यांचं मन उलट जास्त कुरकुरतं. पंचेचाळीस मिनिटं, आठवड्यातून तीन-पाच वेळा, एवढं पुष्कळ. तालमीतल्या वस्तादांना हे सांगायची हिंमत मात्र माझ्यात नाही.

‘दिवसभर ऊस तोडतो, मला कशाला व्यायाम?’ प्रश्न रास्त आहे. पण अभ्यासांत मनाला हलकं करणारी दिसते ती मोकळ्या वेळात, आवडीनं केलेली हालचाल. पोटासाठी उपसलेल्या कष्टांचा तसा फायदा दिसत नाही. रांजणगावच्या कारखान्यात पाळीभर उभा राहिलेला गडी संध्याकाळी व्हॉलीबॉलला पळतो, तो वेडा नव्हे.

१९९९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं नैराश्य असलेल्या पन्नाशीपुढच्या १५६ जणांना तीन गटांत विभागलं: गोळी, व्यायाम, दोन्ही. सोळा आठवड्यांनी तिन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारले. गोळीचा गुण मात्र लवकर आला. तेव्हा चालू गोळी आपल्या मनानं सोडू नका. बोलायला कुणी हवं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर आहे.

घोळक्यानं घाम गाळायच्या खेळांत राहिली शिरूरकरांची बैलगाडा शर्यत. २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं तिचा मार्ग मोकळा केला. पुढे घोडी, मागे बैल, शर्यतीच्या घाटावर भंडारा उधळणारी गर्दी. मन मोकळं होतं मालकाचं, धाप लागते बैलाला. त्याच्या मनाची पाहणी अजून व्हायची आहे.