घाट उतरून आलेला रंग : हरी अंबादास गाडे

नागपूर, जबलपूर किंवा भुसावळकडून मुख्य मार्गाने मुंबईला निघालेल्या गाडीला इगतपुरी टाळता येत नाही. थळ घाटातला लोहमार्ग १८६५ साली सुरू झाला. चढ इतका खडा की सदतीस फुटांमागे एक फूट. १९३० च्या सुमारास कल्याण ते इगतपुरी हा टप्पा विजेवर आला. तेव्हापासून वाफेचं इंजिन इगतपुरीला सुटायचं, विजेचं जोडलं जायचं आणि मग गाडी कसाऱ्याकडे उतरायची. स्वातंत्र्यापूर्वीच्या त्या दशकात विदर्भ आणि मध्य प्रांतातली चित्रकार मंडळी याच वाटेने मुंबईत आली. मंडला जिल्ह्यात जन्मलेले सय्यद हैदर रझा नागपूरला शिकून १९४३ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आले. आणि आले हरी अंबादास गाडे.

गाडे यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१७ चा, अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा. ते विज्ञानाचे पदवीधर. जबलपूरच्या स्पेन्स ट्रेनिंग कॉलेजात शिकवत आणि चित्रं काढत. आधी जलरंगातली निसर्गचित्रं, पुढे तैलरंग.

मुंबईत त्यांना जे वारं लागलं, ते मात्र समुद्रावरून आलेलं होतं. ते वारं अभिव्यक्तिवादाचं. त्याचं मूळ शोधत गेलं की एका डच माणसापाशीच थांबावं लागतं. डोळ्यांना दिसतो तो रंग बाजूला सारून मनाला जाणवतो तो रंग लावायचं धाडस व्हिन्सेंट व्हॅन गॉगने केलं आणि पुढच्या पिढीतल्या जर्मन, ऑस्ट्रियन, डच चित्रकारांनी ते उचललं. नाझींना ही कला ‘अधःपतित’ वाटली. १९३७ मध्ये म्युनिकला तिची विटंबना करणारं प्रदर्शन भरलं. जून १९३९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लुसर्नला जप्त चित्रांचा लिलाव झाला. व्हॅन गॉगने गोगँला अर्पण केलेलं आत्मचित्रही त्यात विकलं गेलं, १,७५,००० स्विस फ्रँकला. आज ते हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे.

चित्रं विकली गेली, माणसं परागंदा झाली. बर्लिनचे रुडी फॉन लायडन १९३३ मध्ये मुंबईत आले आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्ये कलासमीक्षा लिहू लागले. ऑस्ट्रियाचे वॉल्टर लँगहॅमर ज्यू पत्नीसह दशकाच्या अखेरीस आले आणि ‘टाइम्स’चे कलासंचालक झाले. नेपियन सी रोडवरच्या त्यांच्या घरी तरुण चित्रकारांचा राबता असे. व्हिएन्नाचे इमॅन्युएल श्लेसिंगर त्यांची चित्रं विकत घेत. हिटलरने हाकललेल्या या माणसांचे आपल्या कलेवर केवढे उपकार आहेत, हे मराठीत पुरेशा मोकळेपणाने सांगितलं जात नाही.

याच वातावरणात १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला : सूझा, रझा, हुसेन, आरा, शिल्पकार बाकरे आणि गाडे. जुलै १९४९ मध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं. उद्घाटन मुल्कराज आनंद यांनी केलं. सूझा त्याच वर्षी लंडनला गेले, रझा १९५० मध्ये पॅरिसला, बाकरे १९५१ मध्ये लंडनला. गाडे इथेच राहिले.

त्यांची घरांची चित्रं जवळून पाहावीत. कुंचल्यापेक्षा सुरीचा हात जास्त. रंगाचा थर ओढताना सुरीच्या कडेला उरलेली बारीक वरंबी कॅनव्हासवर तशीच वाळलेली असते. भिंती, छपरं, जिने चौकटी-त्रिकोणांत बसतात. चित्रातली खोली जवळजवळ नाहीशी होते आणि घरं एकमेकांना खेटून पुढे येतात. लाल शेजारी निळा उगाच येत नाही, तो तोलून ठेवलेला असतो. सूझांच्या रेषेत संताप आहे. गाडे यांच्या रंगात तेवढाच दाब आहे, पण आवाज चढलेला नाही. माझ्या मते अभिव्यक्तिवादाचं हे रूप अधिक अवघड आहे. चेहरा विद्रूप करून वेदना दाखवता येते. रिकाम्या भिंतीतून ती दाखवायची तर सगळा भार रंगालाच पेलावा लागतो.

१९५४ च्या व्हेनिस बिएनालेत त्यांची चित्रं होती. तरीही नाव मागे पडलं. सूझांचं ‘बर्थ’ हे चित्र २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात चाळीस लाख डॉलरच्या वर गेलं. ते त्या योग्यतेचं आहेच. पण लिलावाच्या आकड्यांवरून चित्रकारांची उतरंड लावायची सवय आपल्याला लागली आणि परदेशी न गेलेला, शिक्षकी केलेला, आरडाओरड न केलेला माणूस तिच्यात तळाशी गेला. गाडे १६ डिसेंबर २००१ ला गेले. प्रोग्रेसिव्हांची गोष्ट सांगताना त्यांचं नाव यादीत शेवटी ‘आणि’ लावून येतं. मीही वर तसंच लिहिलं. त्यांची घरं पाहिल्यावर ते नाव मला सूझांच्या शेजारी लिहावंसं वाटतं.