संध्याकाळचा भोंगा

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. २०२० साली कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. मुलांचे वर्ग मोबाइलवर भरू लागले. पुढे शाळा उघडल्या. पण मुलांच्या हातातला मोबाइल काही सुटेना. घरोघरी कटकट होऊ लागली.

२०२२ साली ऑगस्ट महिन्यात गावाने एक उपाय ठरवला. रोज संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजे. भोंगा वाजला, की घरातले टीव्ही आणि मोबाइल बंद! मुले अभ्यासाला बसत. साडेआठला पुन्हा भोंगा वाजे, म्हणजे सुटी.

सुरुवातीला लोक हसले. मग घरोघरी जाऊन त्यांना समजवावे लागले.

मुलांनो, यातली खरी गंमत दीड तासाची नाही. आईवडिलांनाही मोबाइल बाजूला ठेवावा लागे. स्वतः टीव्ही पाहत 'अभ्यास कर' म्हटले, तर मुलगा कसा ऐकेल? शिवाय सगळ्या मित्रांचे मोबाइल एकाच वेळी बंद. 'मी एकट्यानेच का?' असे विचारायला जागाच उरत नाही.

आपल्या घरी भोंगा नसतो. पण भिंतीवर घड्याळ असते. वेळ मात्र मोठ्यांनी मुलांना विचारून ठरवावी. क्रिकेटचा सामना ऐन रंगात आला असताना टीव्ही बंद केला, तर कोणीही चिडेल!