धार लावायची कोणी?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

घरातली सुरी धारदार आहे की बोथट, हे ओळखायला कुणा जाणकाराला बोलवावं लागत नाही. एक पिकलेला टोमॅटो घ्या, पाटावर ठेवा आणि जोर न लावता सुरी त्याच्यावरून नुसती ओढा. साल सहज कापली गेली तर धार शाबूत आहे. टोमॅटो दबला, घरंगळला, रस आणि बिया बाहेर आल्या तर धार गेलेली आहे. आपल्याकडच्या बहुतेक घरांत टोमॅटो दबतो. तरीही रोज दोन वेळचा स्वयंपाक त्याच सुरीवर होतो. कोणी तक्रार करत नाही, कारण जिच्या हातात सुरी असते तिला तक्रार करायची सवय आपण लावलेली नाही.

आमचं गाव राणीसावरगाव. परभणी जिल्ह्यातलं, संत जनाबाईच्या गंगाखेड तालुक्यातलं. माझ्या लहानपणी गावात धारवाला यायचा. सायकल स्टँडवर उभी करायचा, सीटवर बसून पायडल मारायचा आणि पुढं बसवलेलं दगडी चाक गरगर फिरायचं. ठिणग्या बघायला आम्ही पोरं गोळा व्हायचो. चाकू, सुरी, कात्री, विळी, अडकित्ता, सगळं त्याच्यापुढं यायचं. आता तो क्वचित दिसतो. त्याच्या मुलांनी दुसरे धंदे धरले, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

या कामाला आपल्याकडं फार जुना शब्द आहे, शिकलगार. मूळ अरबी ‘सैकल’, म्हणजे घासून चकाकी आणणं. त्याला फारसी ‘गार’ लागला, कारागीर आणि जादूगार या शब्दांत आहे त्याच घराण्यातला. तलवारींना धार आणि पाणी देणारे ते शिकलगार. मुसलमानांत शिकलगार आहेत, आणि शिखांतही आहेत. तलवारीचे दिवस गेले, १८७८ च्या शस्त्र कायद्यानं हत्यारांना परवाना आला, आणि तलवारीवर चालणारा हात हळूहळू विळ्या-कात्र्यांवर आला. नांदेडच्या पलीकडं, आजच्या निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. तिथं मुशीत तयार होणारं पोलाद विकत घ्यायला एकोणिसाव्या शतकातही इराणचे व्यापारी येत. अशा मुलखात राहून आपण बोथट सुरीनं कांदा चिरतो, हे जरा विचित्रच आहे.

आता धार म्हणजे नेमकं काय, ते पाहू. मी साहित्य घेऊन बी.ए. झालेला माणूस, तेव्हा जे सांगतो ते सोपंच असणार. पात्याच्या दोन उतरत्या बाजू जिथं मिळतात ती रेघ म्हणजे धार. ती रेघ जितकी बारीक, तितका आपला जोर कमी जागेवर एकवटतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. चांगल्या लावलेल्या धारेची कड एका मायक्रॉनच्या आसपास असते. ही कड झिजून गोल झाली किंवा एका बाजूला मुडपली की तोच जोर पसरतो आणि सुरी कापायच्या ऐवजी चेपायला लागते.

मऊ भाजीनं पोलाद कसं झिजतं, असा प्रश्न कुणालाही पडेल. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी दाढीच्या पात्यावर हाच प्रश्न तपासला. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ, तरी पातं बोथट होतं. त्यांना असं दिसलं की केस वाकून एका कोनात पात्यावर आला आणि तिथं पोलादात आधीच एखादी सूक्ष्म कमजोर जागा असली, तर कडेचा बारीकसा तुकडाच उडतो. स्वयंपाकघरातल्या सुरीला तर याहून मोठे शत्रू आहेत. स्टीलच्या ताटात चिरणं, ग्रॅनाइटच्या ओट्यावर चिरणं आणि धुतल्यावर चमच्यांच्या गराड्यात टाकून देणं. लाकडी पाट वापरला आणि सुरी वेगळी ठेवली, तर धार कितीतरी जास्त दिवस टिकते.

बोथट सुरी निरुपद्रवी असते, असा एक समज आहे. खरं उलटं आहे. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती निसटते, आणि निसटलेली सुरी कुठं जाईल ते सांगता येत नाही. कांद्याचंही तसंच. बोथट पातं कांद्याच्या पेशी चिरडतं आणि डोळ्यांना झोंबणारा रस जास्त उडतो. २०२५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यानं हे टिपलं. धारदार पात्यानं आणि सावकाश कापलं तर थेंब कमी उडतात आणि त्यांचा वेगही कमी असतो.

आमच्या घरात हा प्रश्न माझ्या पत्नीच्या अंगठ्यापासून सुरू झाला. तिला सांध्यांचा त्रास आहे. लाल भोपळा, सुरण, कच्ची पपई या भाज्या घरात येणंच हळूहळू बंद झालं, कारण त्या चिरताना तिचा हात दुखायचा. भाजी बंद झाली हे सगळ्यांच्या लक्षात आलं. का बंद झाली, हे तिनं सांगितलं नाही. मुलगा पुण्याहून आला होता, त्यानं दोन दिवस तिला चिरताना पाहिलं आणि परत गेल्यावर धार लावायचा एक संच पाठवून दिला.

हा संच फार गमतीचा आहे. एका पट्टीवर चिमटा असतो. त्यात सुरीची पाठ धरायची, धार बाहेर राहील अशी. चिमट्यापासून काही अंतरावर उभा खांब, खांबावर खालीवर सरकणारी खुंटी, खुंटीच्या भोकातून एक लांब सळई आणि सळईवर बसवलेला धारेचा दगड. सुरी हलत नाही, दगड हलतो. हातानं धार लावताना सगळ्यांत अवघड गोष्ट म्हणजे प्रत्येक घासणीला तोच कोन राखणं. शिकलगाराला त्यासाठी वर्षं घालवावी लागतात. इथं ते काम खुंटी करते. १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या लॅन्स्की कंपनीच्या संचात तर खांबही नाही. चिमट्यालाच भोकं असतात, १७, २०, २५ आणि ३० अंशांची. हव्या त्या भोकात सळई घातली की कोन ठरला.

यामागं शाळेतली त्रिकोणमिती आहे. सुरीच्या धारेपासून खुंटी १५ सेंटिमीटर दूर आणि पात्याच्या पातळीपेक्षा ४ सेंटिमीटर वर असली की कोन १५ अंशांचा होतो. तीच खुंटी साडेपाच सेंटिमीटरवर नेली की २० अंश. म्हणूनच सुरी बदलली, तिची रुंदी बदलली, की कोन पुन्हा जुळवावा लागतो.

कोन किती ठेवायचा? आपल्या बाजारातल्या साध्या स्टीलच्या सुरीला प्रत्येक बाजूनं २० अंश ठीक. जपानी पद्धतीच्या कडक पोलादाच्या सुरीला १५. हाडावर चालणाऱ्या सत्तूराला २५ ते ३०. कोन लहान तर धार नाजूक आणि तिखट. कोन मोठा तर धार दणकट, पण जरा जाड.

आता कृती. सुरी धुऊन कोरडी करा. धारेच्या उतारावर काळ्या मार्करनं रेघ ओढा आणि दगड दोनदा फिरवून पाहा. शाई सगळीकडून सारखी गेली तर कोन जुळला. फक्त टोकाची गेली तर कोन जास्त आहे, फक्त वरची गेली तर कमी आहे. मग दगड ओला करून हलक्या हातानं, मुठीपासून टोकापर्यंत एकच बाजू घासत राहा. थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूला धारेवर एक खरखरीत किनार येते. पत्रा कापल्यावर कडेला येते तशी. कारखान्यातले लोक तिला बर म्हणतात. पात्याच्या पाठीकडून धारेकडं बोट अलगद नेलं की ती लागते. धारेच्या लांबीनं बोट कधीही फिरवू नका. बर पूर्ण लांबीवर आली, म्हणजे त्या बाजूचं काम धारेपर्यंत पोचलं. ती येण्याआधी थांबलं तर कितीही बारीक दगड वापरा, सुरी कापणार नाही. घरच्या धारेचा घोटाळा बहुतेक वेळा इथंच होतो.

मग दुसरी बाजू. त्यानंतर बारीक दगड. दगडावर नंबर असतो, जितका मोठा तितका दगड बारीक. फारच खराब धारेला ४०० पासून सुरुवात करा, नेहमीच्या सुरीला १००० पुरतो, हौस असेल तर ३०००. दगड बारीक होत जाईल तसा हाताचा भार कमी करत न्यायचा. शेवटी उरलेली बर काढायला जुन्या चामडी पट्ट्यावर पातं उलट्या दिशेनं, म्हणजे पाठ पुढं आणि धार मागं ठेवून, दहा-बारा वेळा फिरवा. न्हावी वस्तरा असाच फिरवतो. नंतर सुरी नीट धुवा, कारण तिच्यावर पोलादाची भुकटी असते. परीक्षा अंगठ्यावर नको, वर्तमानपत्राच्या कागदावर घ्या. वाचून झालेल्या पानावर घेतली तर अधिक बरं.

हा संच नसला तरी काही अडत नाही. हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा, एक भरड आणि एक बारीक, असा काळा दगड मिळतो. तो ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकणार नाही. कोनासाठी एक सोपा हिशेब आहे. सुरीची पाठ दगडापासून पात्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश उचलली की साधारण २० अंश होतात, एक चतुर्थांश उचलली की १५. पातं ४ सेंटिमीटर रुंद असेल तर २० अंशांसाठी पाठ सव्वा ते दीड सेंटिमीटर वर. तेवढ्या जाडीची लाकडी पाचर करून घेतली की तोच तुमचा संच.

त्या दगडाचं नाव कार्बोरंडम. १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन कृत्रिम हिरा करायच्या खटपटीत होता, तेव्हा हा पदार्थ हाती लागला. कार्बन आणि कोरंडम हे शब्द जोडून त्यानं नाव ठेवलं. यातलं कोरंडम आपलंच आहे. संस्कृतात कुरुविंद, तमिळमध्ये कुरुंदम, मराठीत कुरुंद. माणिक आणि नीलम हीदेखील कुरुंदाचीच रूपं. काठिण्याच्या मापात हिरा १०, तर कुरुंद ९. आपला शब्द साता समुद्रापार जाऊन दगडावर छापून परत आला, आणि आपण त्याला ओळखत नाही.

काही गोष्टी मात्र या संचावर बसत नाहीत. करवतीसारख्या दातांची पावाची सुरी त्यात घालू नये. कात्रीचं गणितच वेगळं, तिची दोन पाती एकमेकींवर घासून कापतात. आणि आपली विळी. तिचं पातं वळणदार, ते चिमट्यात सरळ बसत नाही. पण विचार केला तर या संचाची युक्ती विळीला आधीपासून ठाऊक आहे. सुरीत पातं हलतं आणि भाजी स्थिर असते. विळीत पातं स्थिर आणि भाजी हलते. तिला धार लावताना पाट पायाखाली घट्ट दाबून, लहान ओला दगड हातात धरून पात्याच्या बाजूनं फिरवावा. बोटं कायम धारेच्या मागच्या अंगाला राहिली पाहिजेत. हे जमत नसेल तर ते शिकलगाराचंच काम आहे.

त्याच्याकडं जाताना एक सांगून ठेवावं. कोरड्या चाकावर पातं फार वेळ दाबू नको, मधेमधे पाण्यात बुडव. पोलादाला दिलेलं पाणी उष्णतेनं उतरतं. पात्याची कड निळी झाली म्हणजे ती ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापली आणि तिचा कडकपणा गेला. चांगला कारागीर हे आपल्याआधीच जाणतो आणि चाकाला पाणी देत राहतो. असा कारागीर मिळाला तर त्याच्याशी दोन-चार रुपयांसाठी घासाघीस करू नये. घरच्या संचानं सुरीचं काम भागेल. कात्री, विळी आणि अडकित्ता त्याच्यासाठी राहू द्या, म्हणजे त्याचीही चूल पेटेल.

धार ही दयेचीही गोष्ट आहे. जनावर कापण्याआधी सुरी धारदार करा, त्याला यातना देऊ नका, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. बकरी ईदच्या आधी आमच्या घरांतून सुऱ्या आठवणीनं धारेला जातात. मुक्या जिवाला त्रास होऊ नये म्हणून जी काळजी वर्षातून एकदा घेतली जाते, ती घरात रोज राबणाऱ्या हातासाठी का घेतली जात नाही, हा प्रश्न मी माझ्या मित्रांना विचारतो. हिंदू मित्रांनाही विचारतो, कारण टोमॅटो सगळ्यांच्याच घरात दबतो.

आपण पुरुष दाढीचं पातं चार-सहा दाढ्यांनंतर फेकून देतो. गाल जरा ओढला गेला की लगेच नवं पातं. पण स्वयंपाकघरातली सुरी आहे तशीच वर्षानुवर्षं चालते. पत्नीच्या हाताचं दुखणं गेलं, असं मी म्हणणार नाही. सांध्याचं दुखणं सुरीनं जात नाही. पण लाल भोपळा आमच्या घरात परत आला आहे, आणि दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी सुरीला धार लावणं हे काम माझ्याकडं आहे. त्याला अर्धा तास लागतो.

हे काम कोणी सांगायची वाट पाहू नये. सांगणारी व्यक्ती बहुधा सांगत नाही.